मासे सगळ्यात शेवटी : दोन फुटी प्लांटेड टँक लावण्याचा क्रम

रविवारी सकाळी दुकानात जायचं, काचेचा टँक, निळे खडे, एक पंप आणि त्याच फेरीत पिशवीतून बारा मासे घेऊन यायचं. दुपारपर्यंत टँक सुरू, संध्याकाळी शेजारी बघायला येतात. पुढच्या रविवारपर्यंत त्यातले चार मासे उरतात. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘पाणी लागलं नाही.’ मग निळ्या औषधाची बाटली आणि आणखी सहा मासे.

माझाही पहिला टँक असाच गेला, नऊ दिवसांत. खरेदीत फारसं काही चुकलं नव्हतं, क्रम चुकला होता. मासे पहिल्या दिवशी नाही, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात आणायचे असतात. प्लांटेड टँक म्हणजे खऱ्या पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक. त्यात तोपर्यंतच्या दिवसांत काय करायचं, ते खाली आहे.

हिशेब सोपा राहावा म्हणून सगळे आकडे एकाच मापाच्या टँकसाठी दिलेत : लांबी २४ इंच, रुंदी १२ इंच, उंची १५ इंच. हा भरून ७० लिटरचा होतो, पण खडी, दगड आणि वर सोडलेली जागा वजा जाता खरं पाणी ५५ लिटरच्या आसपास राहतं. औषध असो की खत, मात्रा नेहमी या ५५ वर काढायची. याहून लहान टँक नवख्यानं घेऊ नये. पाणी जितकं कमी, तितकी चूक लवकर अंगाशी येते. गॅसची टाकी लावून झाडांना सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, द्यायचा प्रकार इथे नाही, त्याशिवाय वाढतील अशीच झाडं निवडली आहेत.

१. जागा आणि स्टँड

पाणी ५५ किलो, खडी सोळा-सतरा, काच तेरा, वर दगड. सगळं मिळून ९० किलो. म्हणजे तालमीतला एक पैलवान तुमच्या टीव्हीच्या कपाटावर चोवीस तास उभा राहणार. प्लायचं कपाट सहा महिन्यांत मधोमध वाकतं, आणि कपाट वाकलं की काच तडकते. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलंत तर एक इंची चौकोनी पाइपचा स्टँड करून मिळतो. मध्ये एक आडवी पट्टी घ्यायला सांगा. वर १८ एमएमचा प्लाय, त्यावर टँकच्या मापाचा १० एमएम थर्माकोल किंवा फोम शीट. लेव्हल बाटली ठेवून चारही बाजूंनी बघा. फरक असेल तर स्टँडच्या पायाखाली पॅकिंग द्यायचं, टँकखाली नाही.

जागा निवडताना तीन गोष्टी टाळा. थेट ऊन येणारी खिडकी, कारण महिन्याभरात काच हिरवी होते. स्वयंपाकघराचा ओटा, कारण फोडणीचा तेलकट थर पाण्यावर बसतो. आणि डासांचा स्प्रे जिथे रोज मारला जातो ती खोली. डासांच्या औषधात पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं असतात आणि ती माशांना अतिशय विषारी असतात. स्प्रे मारायचाच असेल तर आधी टँक झाका, एअर पंप बंद करा आणि खोलीतली हवा मोकळी झाली की पंप पुन्हा सुरू करा. हा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे लक्षात येत नाही.

> सावध : सॉकेट टँकच्या वरच्या पातळीला असेल तर वायर सरळ सॉकेटकडे नेऊ नका. तिला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

२. पहिली खरेदी, माशांशिवाय

पहिल्या फेरीत टँक, फिल्टर, लाइट, टायमर, हीटर, खडी आणि टेस्ट किट, एवढंच. काच ६ एमएम घ्या. ४ एमएममध्येही याच मापाचे टँक विकले जातात आणि ते स्वस्त पडतात, पण दाबानं काच मधोमध फुगलेली डोळ्यांना दिसते.

फिल्टर हँग-ऑन, म्हणजे टँकच्या काठावर टांगायचा, किंवा एअर पंपावर चालणारा मोठा स्पंज फिल्टर, तासाला २५० ते ३०० लिटर पाणी फिरवणारा. खडीखाली बसवायची जाळीची प्लेट झाडांच्या टँकमध्ये घेऊ नका. मुळं तिच्यात अडकतात आणि दोन वर्षांनी सगळा तळ उपसावा लागतो. लाइट एलईडी, पांढरा, ६५०० केल्विनच्या आसपास, एकूण हजार-बाराशे लुमेन पुरे. निळ्या-गुलाबी प्रकाशाची रोषणाई करणारे दिवे माशांचे रंग खुलवतात, पण त्यातल्या स्वस्त दिव्यांवर लुमेन लिहिलेलेच नसतात, म्हणजे झाडांना किती प्रकाश मिळणार याचा अंदाज येत नाही. टायमर मात्र सोडू नका. ‘मी रोज आठवणीनं बंद करेन’ म्हणणारा प्रत्येक जण चौथ्या दिवशी विसरतो.

टेस्ट किटला लोक कंजुषी करतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजणारं थेंबांचं किट घ्या. पट्ट्या ढोबळ असतात आणि सगळ्याच पट्ट्यांमध्ये अमोनिया नसतो, जो आपल्याला सगळ्यात जास्त हवा आहे. बारा माशांची किंमत आणि किटची किंमत शेजारी शेजारी ठेवली की पटेल.

निळ्या औषधाची बाटली, म्हणजे मिथिलीन ब्लू, घेऊ नका. वेगळ्या बादलीत बुरशी लागलेल्या माशासाठी ते औषध आहे. टँकमध्ये घातलं तर उपयोगी जिवाणू मरतात, झाडं खराब होतात आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. प्लास्टिकची झाडं आणि झाकण उघडमीट करणारा शिंपलाही राहू द्या.

३. आपलं पाणी ओळखा

कोल्हापुरात एकाच गल्लीत दोन प्रकारचं पाणी सापडतं. एका घरात पालिकेच्या नळाचं, शेजारच्या अपार्टमेंटमध्ये बोअरचं, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही वरच्या टाकीत एकत्र. टँकमध्ये जे पाणी दर आठवड्याला घालणार तेच तपासायचं, पिण्याचं फिल्टरचं नाही. आरओचं शुद्ध पाणी थेट वापरणं ही मोठी चूक आहे. त्यात क्षारच उरत नाहीत, त्यामुळे झाडं उपाशी राहतात आणि पीएच अचानक घसरतो.

पाणी २४ तास उघड्या बादलीत ठेवून मग कडकपणा, म्हणजे जीएच मोजा. आठ अंशांच्या आत आला तर टेट्रा, रास्बोरा अशी मऊ पाण्यातली मंडळी ठेवा. बारापेक्षा वर गेला, आणि बोअरचं पाणी असेल तर तो जाऊ शकतो, तर गप्पी, प्लॅटी, मॉली. मधे कुठे असेल तर दोन्हींतले सोशीक मासे चालतात. पाणी औषधं घालून बदलत बसण्यापेक्षा पाण्याला मानवणारे मासे निवडा.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना भाजतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) टाकून २४ तास ठेवलं की तो उडून जातो. घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्धीकरणात क्लोरीन आणि तुरटी दोन्ही वाढतात. त्या दिवसांत पाण्याला वास येत असेल तर २४ तास आणि थेंब, दोन्ही करा.

४. गळतीची चाचणी

टँक घरात मांडण्याआधी गच्चीवर किंवा अंगणात, सपाट फरशीवर फोम टाकून, काठोकाठ भरून २४ तास ठेवा. खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरलं की एक थेंब गळाला तरी डाग दिसतो. नंतर पाणी पूर्ण काढूनच टँक उचला. अर्धा भरलेला टँक दोघांनी धरून हलवणं ही सिलिकॉन फाडायची खात्रीची युक्ती आहे. साबण, फिनेल, काच पुसायचा स्प्रे, काहीही लावू नका. आत कधीही हात घालताना हातावर साबण किंवा तेल नको. मसाल्याचे दिवस असतील तर जास्तच जपा, कांदा-लसूण चटणी कालवलेला हात तीनदा धुतला तरी पाण्यावर तवंग सोडतो.

५. तळ, दगड, लाकूड

खडी दोन ते तीन मिलिमीटरची, काळी किंवा तपकिरी, सोळा-सतरा किलो. बादलीत थोडी थोडी घेऊन तांदूळ धुतात तशी चोळून धुवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. सात-आठ वेळा तरी. तिसऱ्या धुण्याला कंटाळून थांबलात तर पुढे आठवडाभर ताकासारखं पाणी बघत बसाल. (अ‍ॅक्वासॉइल, म्हणजे टँकच्या झाडांसाठी मिळणारी दाणेदार माती, वापरणार असाल तर उलट आहे : ती अजिबात धुवायची नाही, दाणे फुटून चिखल होतो.) मागे तीन इंच, पुढे दीड-दोन इंच असा उतार द्या. सपाट तळ पाणी भरल्यावर आणखीच सपाट दिसतो.

खडीखाली बागेतली माती, शेणखत, गांडूळखत घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो. कुंडीतलं तेच खत पाण्याखाली कुजतं, अमोनिया सोडतं आणि दोन महिने टँक सावरत नाही. झाडांसाठी रूट टॅब, म्हणजे मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या, पुरतात : दर सहा इंचांवर एक, खडीत पार तळापर्यंत खुपसलेली, दर तीन महिन्यांनी नवी.

दगड विकत घ्यायची गरज नाही. आपल्या भागातला काळा कातळ टँकला उत्तम. फक्त एक बघून घ्या. दख्खनच्या या दगडात कधीकधी पांढरे डोळे असतात, म्हणजे जुन्या पोकळ्यांमध्ये साठलेले स्फटिक. त्यात चुनखडीचं कॅल्साइट असू शकतं, ते हळूहळू विरघळून पाणी कडक करतं. पांढऱ्या जागेवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर दगड कुंडीत ठेवा. पांढऱ्या संगमरवरी खड्यांचंही तेच. दुकानात सगळ्यात जास्त खपतात ते हेच.

लाकूड दुकानातलं ड्रिफ्टवूडच घ्या, रानातून उचललेलं ओलं, चिकाचं लाकूड नको. मावेल तेवढं पातेल्यात तासभर उकळा, नंतर बुडेपर्यंत बादलीत ठेवा. एक-दोन आठवडे लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करायचं. लाकूड पाण्याला चहाचा रंग देतं. त्यानं काही बिघडत नाही. पहिल्या आठवड्यात त्यावर पांढरी साय चढते, तिनंही नाही.

> तपासा : दगड खडीवर ठेवू नका, खडी बाजूला करून थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ फोमचा तुकडा देऊन बसवा. पुढे तळ उकरणारा मासा आला तर वरचा दगड कलंडून काचेवर आपटतो.

६. झाडं

आधी काय घेऊ नये ते. लकी बांबू, सिंगोनियम, स्पायडर प्लांट आणि जांभळ्या पानांची काही कुंडीतली झाडं पाण्यात बुडवून ‘वॉटर प्लांट’ म्हणून विकतात. महिनाभर ती हिरवी दिसतात, मग देठापासून सडतात. पान पाण्याबाहेर काढल्यावर स्वतःच्या बळावर ताठ, कडक उभं राहत असेल तर संशय घ्या. मात्र अनुबियास याला अपवाद आहे, त्याचं पान कडकच असतं.

या टँकला माझी यादी अशी : मागे वॅलिसनेरियाची दहा रोपं आणि हायग्रोफिलाच्या तीन जुड्या, मध्ये क्रिप्टोकोरिनची पाच रोपं, लाकडावर दोन अनुबियास आणि एक जावा फर्न, वर तरंगायला मूठभर हॉर्नवर्ट. हे खूप वाटेल. खूपच हवं. तळाचा साठ-सत्तर टक्के भाग पहिल्याच दिवशी झाडांनी भरला पाहिजे, कारण रिकामी जागा आणि रिकामा प्रकाश शेवाळ बळकावतं. ‘दोन झाडं लावू, वाढली की बघू’ म्हणणाऱ्यांचे टँक मी बघितलेत. वाढतं ते शेवाळच.

रंकाळ्यातून किंवा कळंबा तलावाच्या काठावरून झाडं उपटून आणू नका. फुकट मिळतात हे खरं, पण सोबत गोगलगायी, जळवा आणि माशांचे परजीवी येतात. दुकानातल्या झाडांबरोबरही गोगलगायीची अंडी येतातच. त्यासाठी लिटरला एक चमचा तुरटीची पूड विरघळवून त्यात झाडं दोन-तीन तास बुडवून ठेवा, मग साध्या पाण्यात नीट खळबळून घ्या.

लावताना कुंडी, कापूस, शिशाची पट्टी सगळं काढा. मुळं दोन इंच ठेवून कापा. हायग्रोफिलाची जुडी तशीच खोचू नका, एकेक काडी सुटी करून इंचभर अंतरानं लावा, नाहीतर आतल्या काड्या कुजतात. चिमटा वापरलात तर काम निम्म्या वेळात होतं.

अनुबियास आणि जावा फर्न यांचं जाड, आडवं खोड खडीत पुरणं ही सर्रास होणारी चूक आहे. ते कुजलं की झाड गेलं. दोऱ्यानं लाकडाला बांधा किंवा सुपरग्लू जेलचा थेंब लावून चिकटवा. हा गोंद पाण्याच्या संपर्कात आला की लगेच घट्ट होतो, त्यामुळे नेम आधी धरा.

> घाबरू नका : दुसऱ्या आठवड्यात क्रिप्टोची पानं वितळल्यासारखी होतात. रोपवाटिकेत ते बहुधा पाण्याबाहेर वाढलेलं असतं, म्हणून जुनी पानं टाकून नवी काढतं. सडलेली पानं कापा, मुळाला हात लावू नका. इथेच झाड उपटून फेकणारे खूप.

७. पाणी भरणं आणि प्रकाश

खडी ओली होईल एवढंच पाणी घालून झाडं लावा, पानांवर मधूनमधून पाणी शिंपडत राहा. मग खडीवर एक ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडा. धार थेट खडीवर पडली तर तासाभराची लागवड दोन मिनिटांत तरंगायला लागते. वर दीड इंच जागा सोडा. फिल्टर सुरू करा, हीटर लावून अर्धा तास तसाच पाण्यात राहू द्या आणि मगच बटण दाबा. तापमान २५ अंशांवर.

लाइट पहिले तीन आठवडे रोज सहा तास, त्यानंतर सात, फार तर आठ. दुपारी दोन ते आठ अशी वेळ ठेवलीत तर तुम्ही घरी आल्यावर टँक बघायला मिळतो. दिवसभर दिवा चालू ठेवल्यानं झाडं दुप्पट वाढत नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं तर आधी रंग ओळखा. राखाडी, तळातून उठल्यासारखी धूळ असेल तर खडी नीट धुतलेली नव्हती, फिल्टर दोन दिवसांत ओढून घेईल. दुधात पाणी घातल्यासारखी पांढरट छटा असेल तर ते जिवाणू आहेत. ते चार-पाच दिवसांत स्वतःहून बसतात. इथे घाबरून सगळं पाणी बदलणारा माणूस तोच प्रकार पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पाणी हिरवं असेल तर प्रकाश जास्त झालाय, टायमर दोन तासांनी कमी करा, खिडकीला पडदा लावा.

८. महिनाभर पाणी ‘पिकवणं’

लोक गाळतात तो हाच टप्पा. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. तो त्याला विष. एका प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी आणि झाडांचं खत. हे जिवाणू काचेत, पाण्यात जन्माला येऊन बसलेले नसतात. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये पहिल्या दिवशी बारा मासे सोडणं म्हणजे ड्रेनेज जोडण्याआधी बारा जणांचं कुटुंब घरात राहायला आणणं.

वस्ती बसवायला मासा लागत नाही, अमोनिया लागतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर हाच पदार्थ, अमोनियम क्लोराइड, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे शुद्ध पूड मिळते. ५५ लिटरला २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया व्हायला ०.३५ ग्रॅम पुरतो, आणि घरातल्या काट्यावर एवढं वजन होत नाही. म्हणून ३.५ ग्रॅम पूड मोजून घ्या (गुजरीत ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर), १०० मिली पाण्यात विरघळवा, आणि मेडिकलमधल्या सिरिंजनं त्यातलं १० मिली टँकमध्ये घाला. झाला ०.३५ ग्रॅम. बाटलीवर नाव लिहून ती मुलांपासून लांब ठेवा.

पूड मिळालीच नाही तर माशांच्या खाद्याची चिमूट रोज टाका. कुजून तोच अमोनिया तयार होतो, फक्त वेळ जास्त लागतो आणि मोजमाप हातात राहत नाही.

पुढचं वेळापत्रक साधारण असं चालतं. पहिला आठवडा अमोनिया जागेवरच दिसतो. दुसऱ्यात तो उतरायला लागतो आणि नायट्राइट वर चढतं. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली गेला की पुन्हा १० मिली, रोज नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नायट्राइट अडून बसल्यासारखं वाटतं. बहुतेकांचा धीर इथे सुटतो, कारण झाडं बाळसं धरत असतात आणि टँक अगदी तयार दिसत असतो. दिसण्यावर जाऊ नका. झाडं भरपूर असतील तर ती स्वतःच अमोनिया खातात, त्यामुळे नायट्राइटचा आकडा फार वर न जाताही काम पूर्ण होऊ शकतं.

कुणा ओळखीच्याचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा, ओलाच, त्याच टँकच्या पाण्यात. आपल्या फिल्टरमध्ये ठेवलात की महिन्याचं काम दहा-बारा दिवसांवर येऊ शकतं. तयार जिवाणूंच्या बाटल्याही मिळतात, पण त्यातले जिवंत किती उरलेत ते कुणी सांगू शकत नाही. माझा भरवसा स्पंजवर.

याच काळात काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर येतो. हे डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, नव्या टँकचं बाळदुखणं. बोटानं पुसा आणि सोडून द्या.

> मासे आणायची परीक्षा : रात्री १० मिली द्रावण घाला. २४ तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य आलं पाहिजे. दोन्ही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून तेच उत्तर आलं की निम्मं पाणी बदला, आणि मग दुकानात जा.

९. मासे, तीन हप्त्यांत

मऊ पाण्यासाठी माझा हिशेब : आधी आठ हार्लेक्विन रास्बोरा. दोन आठवड्यांनी सहा लहान जातीचे कोरी. आणखी दोन आठवड्यांनी एक हनी गौरामी. बस. प्रत्येक हप्त्यानंतर तिसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही शून्य असतील तरच पुढचा हप्ता. निऑन टेट्रा हवेच असतील तर रास्बोराच्या जागी घ्या, पण टँक तीन महिन्यांचा झाल्यावर. नव्या पाण्यात ते टिकत नाहीत. हे सगळे कळपानं राहणारे मासे आहेत. ‘प्रत्येकी दोन’ अशी भेळ केली तर ते कोपऱ्यात दबून बसतात किंवा एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात.

कडक पाण्यात दहा-बारा गप्पी किंवा सात-आठ प्लॅटी. फक्त नर घ्या. गप्पीची मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्लं घालते. पहिल्या खेपेला घरात आनंद होतो, तिसऱ्या खेपेला पाहुणे तुमच्याकडे यायचे टाळतात.

दुकानात आग्रह होतो ते आणि इथे नकोत ते : गोल्डफिश (झाडं खातो, घाण फार करतो, मोठा होतो), टायगर बार्ब (शेपट्या तोडतो), ‘शार्क’ म्हणून मिळणारा राखाडी मासा (तो पंगासिअस आहे, फुटांच्या हिशेबात वाढतो) आणि काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर. सकर लहानपणी शेवाळ खातो, मग फूट-दीड फुटाचा होऊन झाडं उपटतो. नंतर तो तलावात नेऊन सोडला जातो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा भारतातल्या नद्या-तलावांत असाच पसरलाय.

घरी आणताना पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा. एप्रिलच्या दुपारी गाडीच्या हँडलला लटकवलेली पिशवी राजारामपुरीहून कळंब्याला पोचेपर्यंत कोमट होते. टँकचा लाइट बंद करून पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग दर पाच मिनिटांनी टँकचं अर्धी वाटी पाणी पिशवीत, असं पाच-सहा वेळा. शेवटी जाळीनं मासा उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, दुकानातले रोग त्यातूनच येतात. त्या दिवशी खायला घालू नका.

जमत असेल तर प्रत्येक नवा हप्ता दोन आठवडे वेगळ्या टबात, छोटा स्पंज फिल्टर लावून ठेवा. माशाच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे इच हा रोग. तो टबात सापडला तर टबापुरता राहतो.

१०. दर आठवड्याचं काम

महिन्यातून एकदा माणूस येतो, मासे बादलीत काढतो, टँक पूर्ण रिकामा करतो, खडी मिठानं घासून धुतो, फिल्टर नळाखाली पांढराशुभ्र करतो आणि पैसे घेऊन जातो. टँक चकाचक दिसतो आणि चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. महिनाभर पिकवलेली जिवाणूंची वस्ती त्यानं पंधरा मिनिटांत गटारात सोडलेली असते. टँक धुवायचा नसतो.

दर रविवारी पंधरा लिटर पाणी, म्हणजे एक बादली, बदला. हीटर आणि फिल्टर आधी बंद. हीटरची काच पाण्याबाहेर तापलेली राहिली तर थंड पाणी लागताच तडकते. पाइपनं वरवरची घाण ओढा, झाडांच्या मुळाशी उकरू नका. नवं पाणी तापमानाला मिळतं असलं पाहिजे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, म्हणून सकाळी भरून ठेवा. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टँकमधून काढलेल्या त्याच पाण्यात, दोनदा पिळायचा. तपकिरी राहिला तरी चालेल, तपकिरीच राहायला हवा.

खाद्य दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढंच. घरात शुक्रवारी अंबाबाईचा उपवास असेल तर त्या दिवशी माशांनाही ठेवा, आठवड्यातला एक उपास त्यांना मानवतो. तीन-चार दिवस गावाला जाताना शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका. शेजारी प्रेमानं पाच दिवसांचं खाद्य एका दिवशी घालतात. मोठे मासे तेवढे दिवस सहज काढतात.

ऋतूंप्रमाणे थोडा बदल करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पंधराच्या आसपास उतरतो, तेव्हा ७५ ते १०० वॉटचा हीटर लागतोच. एप्रिल-मेमध्ये स्लॅबच्या घरात पाणी ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर स्टोन चालू ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा मारा. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फाचे खडे टाकू नका. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. बॅटरीवर चालणारा एअर पंप जूनच्या आधीच घेऊन ठेवा आणि स्पंज फिल्टरलाच जोडता येईल असा घ्या, म्हणजे मासे आणि जिवाणू दोघांनाही हवा मिळते. हँग-ऑन फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला असेल तर त्यातलं साचलेलं पाणी आधी फेकून द्या, मग सुरू करा.

तिसऱ्या महिन्यापासून कात्री हातात घ्यावी लागेल. हायग्रोफिलाचा वरचा निम्मा भाग छाटून तोच पुन्हा खडीत खोचा. वॅलिसनेरियाची पोर रोपं चार पानांची झाली की त्यांना मूळ रोपाशी जोडणारा दोरा कापून हलवा. जास्तीची झाडं रंकाळ्यात टाकू नका, तिथे जलपर्णी पुरेशी आहे. उन्हात वाळवून कुंडीत घाला, आणि रविवारी काढलेली बादलीही त्याच कुंड्यांना.